मत्स्यपेटीतील पाणी आणि माशांचे मरण

काचेच्या पेटीत मासे पाळण्याचा छंद आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात आता केवळ श्रीमंतांचा राहिलेला नाही. दवाखान्यात, दुकानात, बैठकीच्या खोलीत अशा पेट्या आढळतात, आणि वाढदिवसाच्या निमित्ताने मुलांना दोन-चार मासे भेट देण्याचीही चाल पडली आहे. परंतु या छंदाची दुसरी बाजू अशी की, मोठ्या हौसेने आणलेले मासे पंधरा दिवसांत, महिन्यात, कधी तर एका रात्रीत मरून पाण्यावर तरंगू लागतात. मग घरातील वडील माणसे म्हणतात, “पाणी लागले नाही”, कोणी म्हणते, “नजर लागली”, आणि दुकानदार म्हणतो, “तुमच्या पाण्याचा पी. एच. जास्त आहे, ही बाटली घाला.” पहिल्या दोन उत्तरांपेक्षा तिसरे शास्त्रीय वाटते खरे, तथापि तेही बहुधा अर्धवटच असते. अर्धवट ज्ञानाने कसे नुकसान होते व पूर्ण ज्ञानाने ते कसे टळते, हे दाखविण्यासाठी आम्ही हा विषय निवडला आहे.

आपल्या नगरास अशा लेखनाची परंपरा आहे. इ. स. १८४२ साली येथूनच निघू लागलेल्या ‘ज्ञानोदय’ पत्राने धर्मविचाराबरोबर सृष्टिविज्ञानाच्या गोष्टीही मराठी वाचकांपुढे मांडल्या. त्याच वाटेने आम्हीही दोन पावले चालू इच्छितो.

पेटीतील छोटी सृष्टी

नदीतील किंवा तळ्यातील माशाला कोणी पाणी बदलून देत नाही, तरी तो जगतो. मग पेटीतील मासा का मरतो? या प्रश्नाचा पद्धतशीर शोध प्रथम इंग्लंडात झाला. रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने इ. स. १८५० मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्याने एका पात्रात सोनमासे व व्हॅलिस्नेरिया नावाची पाणवनस्पती ठेवली. वनस्पती प्राणवायू देई व मासे जगत; परंतु तिची पाने कुजू लागताच पाणी बिघडू लागले. तेव्हा त्याने त्यात गोगलगाई सोडल्या. त्यांनी कुजलेली पाने खाल्ली आणि पाणी पुन्हा स्वच्छ राहिले. तात्पर्य, पेटी ही एक छोटी सृष्टीच आहे. तीत प्रत्येकाच्या टाकाऊ पदार्थाला कोणीतरी ग्राहक असला पाहिजे. पुढे इ. स. १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस या निसर्गशास्त्रज्ञाने या विषयावर ग्रंथ लिहून हा छंद घरोघर पोहोचविला. गॉस हा अत्यंत भाविक ख्रिस्ती गृहस्थ होता, हे आपण ध्यानात ठेवण्याजोगे आहे. देवाच्या कृतींचे बारकाईने निरीक्षण करणे ही त्याला उपासनेचीच एक रीत वाटे.

वॉरिंग्टनला जे डोळ्यांनी दिसले नाही, ते पुढे कळले. मासा कल्ल्यांवाटे व विष्ठेवाटे अमोनिया बाहेर टाकतो. उरलेले खाद्य कुजले म्हणजेही अमोनियाच होतो. हा अमोनिया माशाला विष आहे. परंतु वाळूत, दगडांवर व गाळणीच्या स्पंजात राहणारे काही सूक्ष्म जंतू त्याचे प्रथम नायट्राइट व नंतर नायट्रेट करतात. नायट्राइटही विषारीच, नायट्रेट मात्र पुष्कळ सौम्य असून वनस्पतींचे ते खत आहे. या जंतूंना वेगळे करून त्यांचे कार्य उलगडण्याचे श्रेय रशियन शास्त्रज्ञ विनोग्राड्स्की यांचे. हे काम इ. स. १८९० च्या सुमाराचे. नव्या पेटीत हे जंतू पुरेसे वाढण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात. आपण मात्र सकाळी पेटी आणतो, दुपारी पाणी भरतो व संध्याकाळी दहा मासे सोडतो. मग पहिल्याच महिन्यात ते मेले तर त्यात नवल ते काय?

सामू म्हणजे काय?

दुकानदार ज्याला पी. एच. म्हणतो त्याला आपल्या शेतकी पुस्तकांत ‘सामू’ असे नाव आहे. पाणी आम्लधर्मी आहे की अल्कधर्मी आहे हे सांगणारे हे एक माप होय. डेन्मार्कमधील कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन्सन या शास्त्रज्ञाने इ. स. १९०९ मध्ये ते प्रचारात आणले. ० ते १४ अशी ही मोजपट्टी असते. ७ हा मध्य. त्याच्या खाली आम्ल, वर अल्क. येथे एक गोष्ट विसरू नये. या पट्टीवरील प्रत्येक पायरी दहा पटींची आहे. ७ वरून ८ वर गेलेले पाणी थोडेसे बदलले असे आपणांस वाटते. वस्तुतः त्यातील आम्लकारक कणांचे प्रमाण दहावा हिस्सा झालेले असते, आणि ९ वर गेल्यास शंभरावा हिस्सा. म्हणून सामू एकाएकी एका अंकाने बदलणे हा माशाच्या शरीरास मोठा आघात असतो.

अत्यंत उच्च सामूचे पाणी कसे असते हे पाहावयाचे असेल तर आपल्या महाराष्ट्रातच बुलढाणा जिल्ह्यात लोणार सरोवर आहे. उल्कापाताने काळ्या पाषाणात झालेल्या विवरातील ते खारे व अल्कधर्मी पाणी असून त्याचा सामू १० च्या आसपास मोजला गेलेला आहे. तेथे विशिष्ट शैवाल व सूक्ष्म जंतू यांचेच साम्राज्य असते; इ. स. २०२० च्या जून महिन्यात त्या पाण्यास गुलाबी रंग चढला तोही अशा सूक्ष्म जीवांमुळेच. असे पाणी आपल्या पेटीतील माशांस मानवणार नाही हे उघड आहे. परंतु आपल्या घरच्या पाण्याचा सामू लोणारसारखा नसतो. तो सामान्यतः साडेसात ते साडेआठ यांच्या दरम्यान आढळतो. म्हणून घाबरण्यापूर्वी विचार केला पाहिजे.

नगरचे पाणी असे का?

आपला जिल्हा दख्खनच्या काळ्या पाषाणावर, म्हणजे बेसाल्टवर वसला आहे. हा खडक झिजताना त्यातून कॅल्शियम व मॅग्नेशियम सुटतात. पावसाचे पाणी जमिनीतील कार्बन डायऑक्साइड घेऊन खाली मुरते, खडक विरघळविते आणि बायकार्बोनेटचे क्षार घेऊन विहिरीत किंवा बोअरमध्ये येते. जिल्ह्याच्या पश्चिमेस अकोले तालुक्यात घाटघर व भंडारदरा येथे सह्याद्रीवर विपुल पाऊस पडतो, तेथील पाणी खडकात फार काळ न रेंगाळता वाहून जाते. म्हणून ते बरेच मृदू असते. पूर्वेकडील तालुके पर्जन्यछायेत आहेत. तेथे पाऊस कमी, ऊन अधिक, आणि पाणी खोल बोअरमधून उपसलेले. यास्तव ते दुष्फेन असते. साबणाला फेस येत नाही, डाळ लवकर शिजत नाही, आंघोळीच्या तोटीवर पांढरी खपली धरते. हे सर्व त्याचेच पुरावे होत. नगर शहरास मुळा धरणाचे पाणी मिळते. तथापि पाणी अपुरे पडल्यास अनेक घरांत बोअरचे पाणी मिसळले जाते, आणि आज एक पाणी, उद्या दुसरे, असा प्रकार होतो.

या बायकार्बोनेटचा एक गुण आहे, तो पुढील सर्व विवेचनाचा पाया होय. ते पाण्याचा सामू धरून ठेवतात. थोडे आम्ल मिसळले तरी ते त्याला गिळून टाकतात व सामू फारसा हलू देत नाहीत. जसा अनुभवी शिक्षक वर्गातील गडबडीने विचलित होत नाही, तसेच हे पाणी. ज्या पाण्यात हे क्षार मुळीच नाहीत ते चंचल असते. लहानशा कारणाने त्याचा सामू कोसळतो.

खरा मारेकरी कोण?

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. सामू ८ आहे एवढ्यानेच मासे मरत असते तर आफ्रिकेतील टांगानिका सरोवरात मासे नसते; तेथील पाण्याचा सामू ९ च्या जवळ असून त्यात सुंदर माशांच्या शेकडो जाती नांदतात. आपल्या आरोग्य खात्याचे लोक डासांच्या अळ्या नाहीशा करण्यासाठी विहिरीत व हौदात जे गप्पी मासे सोडतात, तेही दुष्फेन पाण्यात उत्तम वाढतात. उलट निऑन टेट्रा किंवा डिस्कस हे दक्षिण अमेरिकेतील अमेझॉन खोऱ्यातील मासे. त्यांचे मूळचे पाणी मृदू व आम्लधर्मी. त्यांना बोअरच्या पाण्यात ठेवणे म्हणजे घाटघरच्या भाताचे रोप जामखेडच्या माळावर लावण्यासारखे आहे.

मग उच्च सामूने मासे मरतात असे जे म्हणतात ते खोटे काय? नाही, त्यात सत्य आहे, पण ते आडून आलेले आहे. पाण्यातील अमोनिया दोन रूपांत असतो. एक रूप विद्युत्भारित असून ते माशाच्या कल्ल्यांतून सहसा आत शिरत नाही. त्यास अमोनियम म्हणतात. दुसरे मुक्त अमोनियाचे रूप सहज आत शिरते व तेच घातक होय. किती भाग कोणत्या रूपात राहील हे सामू व उष्णतामान ठरवितात. २५ अंश सेल्सिअस उष्णतामानास सामू ७ असता एकंदर अमोनियाचा अर्ध्या टक्क्याहून किंचित अधिक भाग मुक्त असतो. सामू ८ असता सुमारे ५ टक्के. आणि सामू ९ असता सुमारे ३६ टक्के. उन्हाळ्यात पाणी ३० अंशांवर गेले की सामू ८ असतानाच हा भाग ७ टक्क्यांच्या वर जातो. मुक्त अमोनिया दर लिटरमागे ०.०२ मिलिग्रॅमहून अधिक झाला की तो माशांस बाधक समजतात. म्हणजे उच्च सामू हा स्वतः मारेकरी नसून मारेकऱ्याच्या हाती शस्त्र देणारा आहे. पेटीत अमोनिया नसेल तर ८ हा सामू निरुपद्रवी. असेल तर तोच प्राणघातक.

एक प्रत्यक्ष उदाहरण

आमच्या शाळेतील दहावीच्या एका विद्यार्थ्याच्या घरी आठ सोनमाशांची पेटी होती. वर्षभर मासे ठीक होते. पाणी आटले की तो स्वयंपाकघरातील आरओ यंत्राचे शुद्ध पाणी वरून घाली. जे माणसाला उत्तम ते माशालाही उत्तम, अशी त्याची समजूत. नाताळात पाहुणे येणार म्हणून त्याने पेटी मनःपूर्वक स्वच्छ केली. निम्मे पाणी काढले, गाळणीचा स्पंज पिळून उन्हात वाळविला, वाळू धुतली आणि बोअरचे पाणी भरले. संध्याकाळी मासे वर येऊन तोंड उघडमीट करू लागले. सकाळपर्यंत पाच मेले होते. त्याची धाकटी बहीण त्याच्याशी बोलेना, आणि तो स्वतः म्हणे, “सर, मी आळस केला तोवर ते जगले, काळजी घेतली आणि मेले.” या वाक्याने आम्हांस फार वाईट वाटले. चांगल्या हेतूचे फळ मरण असते, असा धडा कोणत्याही मुलाने घेऊ नये.

सुदैवाने त्याने काढलेले जुने पाणी गुलाबाच्या कुंड्यांना घालण्यासाठी बादलीत ठेवले होते. शाळेच्या तपासणी-पेटीतील थेंब घालून आम्ही व विद्यार्थ्यांनी ते पाहिले. जुन्या पाण्याचा सामू साडेसहा निघाला व एकंदर अमोनिया दर लिटरला सुमारे २ मिलिग्रॅम. पेटीतील नव्या मिश्रणाचा सामू ८ व अमोनिया सुमारे १ मिलिग्रॅम. आता गणित करू. साडेसहा सामूस मुक्त भाग सुमारे ०.१८ टक्के; २ मिलिग्रॅमचे ते सुमारे ०.००३६ मिलिग्रॅम झाले. ८ सामूस मुक्त भाग सुमारे ५.३ टक्के, १ मिलिग्रॅमचे ते ०.०५३ मिलिग्रॅम झाले. म्हणजे अमोनिया निम्मा होऊनही त्यातील विष सुमारे १५ पट वाढले! वर्गात फळ्यावर हे उत्तर आले तेव्हा क्षणभर कोणी बोलले नाही.

जुने पाणी साडेसहावर का उतरले होते? अमोनियाचे नायट्रेट करताना जंतू आम्ल निर्माण करतात, आणि ते आम्ल पाण्यातील बायकार्बोनेट खाऊन टाकते. नित्य थोडे नवे पाणी बदलले असते तर हा साठा भरून निघाला असता. परंतु आरओच्या पाण्यात हे क्षार जवळजवळ नसतातच. साठा संपला, सामू उतरला, जंतू मंदावले, अमोनिया साचला. पण कमी सामूमुळे तो झाकलेल्या निखाऱ्यासारखा निपचित होता. दुष्फेन पाण्याने त्यावर फुंकर घातली. स्पंज उन्हात वाळल्याने उरलेले जंतूही गेले. शेजारच्या घरी त्याच बोअरच्या पाण्यात सोनमासे तीन वर्षे सुखाने राहत होते. यावरून पाण्याचा दोष नव्हता हे सिद्ध होते. उरलेले तीन मासे वाचले. ते कसे, हे पुढील उपायांत येईलच.

कारण शोधण्याची रीत

मासे मरू लागले की बाटलीकडे हात नेण्याआधी वही व पेन्सिल घ्यावी आणि पुढील प्रश्नांची उत्तरे लिहावी.

पहिला प्रश्न : मासे केव्हा मेले? नवे पाणी घातल्यापासून काही तासांत मेले तर नळाच्या पाण्यातील क्लोरीन, अथवा सामूचा व उष्णतामानाचा एकाएकी झालेला पालट यांचा संशय घ्यावा. नवी पेटी मांडल्यावर पहिल्या महिन्यात एकेक करून मेले तर अमोनिया व नायट्राइट. पहाटे मेले तर प्राणवायूची उणीव. कारण रात्री वनस्पतीही प्राणवायू घेतात. २० अंशांच्या पाण्यात दर लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३० अंशांच्या पाण्यात साडेसातच. त्यात भारनियमनाने हवेचा पंप बंद पडला तर गर्दीच्या पेटीत अनर्थ होतो.

दुसरा प्रश्न : मूळ पाण्याचा सामू किती? येथे पुष्कळांची फसगत होते. बोअरच्या ताज्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असल्याने त्याचा सामू खोटा कमी दिसतो. म्हणून एक पेलाभर पाणी लगेच तपासावे व दुसरे भांडे २४ तास उघडे ठेवून, अधूनमधून ढवळून, मग तपासावे. ताजे पाणी सव्वासात व शिळे पाणी सव्वाआठ असे उत्तर आल्यास आश्चर्य मानू नये. शिळ्या पाण्याचा अंक तोच खरा.

तिसरा प्रश्न : पेटीतील सामू शिळ्या पाण्याच्या तुलनेत कसा? दोन्ही सारखे असतील तर पेटीत दोष नाही. ते आपल्या भूमीचेच पाणी आहे. पेटीतील सामू बराच कमी असेल तर वरील उदाहरणातील जुनाट पेटीचा रोग समजावा. जास्त असेल तर पेटीतच काहीतरी अल्क सोडीत आहे.

चौथा प्रश्न : सकाळी व सायंकाळी सामू किती? सायंकाळचा अंक बराच चढा असेल तर खिडकीतील ऊन व हिरवे पाणी हे कारण होय. शैवाल दिवसा पाण्यातील कार्बन डायऑक्साइड शोषून घेते, त्यामुळे सामू चढतो व रात्री पुन्हा उतरतो. दोन्ही वेळा सारखाच चढा असेल तर दगड व वाळू तपासावी.

दगडांची परीक्षा सोपी आहे. आपल्या काळ्या मातीत व नदीच्या वाळूत चुनखडीचे पांढरट, ओबडधोबड खडे असतात. मुले नदीकाठाहून खडी आणतात तेव्हा ते सहज येतात. शंख, शिंपले, पोवळे, संगमरवराचे तुकडे व सिमेंटची खेळणी ही त्याच कुळातील. खडा कोरडा करून त्यावर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस टाकावा. फसफसून बुडबुडे आले तर तो पेटीबाहेर ठेवावा. काळा बेसाल्टचा गुळगुळीत गोटा सहसा फसफसत नाही. तो निर्धास्त वापरावा. जास्वंदीच्या किंवा हळदीच्या कागदाने सामू पाहण्याचा प्रयोग वर्गात मनोरंजक आहे. परंतु पेटीसाठी तो पुरेसा सूक्ष्म नाही. सामू, अमोनिया व नायट्राइट यांची तपासणी-पेटी दोघा-तिघांनी मिळून घ्यावी; ती एका माशाच्या किमतीहून महाग असली तरी पेटीभर माशांहून स्वस्त असते.

खोटे उपाय

लिंबू पिळणे, व्हिनेगर ओतणे, सामू उतरविण्याचे तयार औषध घालणे, हे उपाय दुष्फेन पाण्यात निष्फळ व घातक आहेत. आम्ल पडताच बायकार्बोनेटशी संयोग होऊन कार्बन डायऑक्साइड होतो, सामू उतरतो व आपण समाधानाने झोपतो. रात्रीतून तो वायू हवेत निघून जातो व सकाळी सामू पुन्हा चढलेला दिसतो. मग आणखी आम्ल. अशा रीतीने मासा रोज जिना चढतो व उतरतो. शेवटी एके दिवशी बायकार्बोनेटचा साठा संपतो, आणि त्या दिवशी पडलेल्या थेंबांनी सामू धाडकन कोसळतो. स्थिर असलेला ८ हा अंक, रोज हलणाऱ्या ७ पेक्षा पुष्कळ बरा, हे सूत्र पाठ करून ठेवावे. रोगी दिसताच सर्व पाणी काढून पेटी घासणे हाही असाच घातक उत्साह होय.

खरे उपाय

संकट आले असता प्रथम खाद्य बंद करावे. निरोगी मोठा मासा दोन-तीन दिवस उपाशी राहिल्याने मरत नाही, पण कुजलेल्या खाद्याने मरतो. हवेचा पंप चालू ठेवावा. वीज नसल्यास पेलाभर पाणी उंचावरून पुन्हा पुन्हा ओतावे. अमोनिया आढळल्यास रोज चतुर्थांश पाणी काढून तितकेच शिळे पाणी घालावे. या पाण्याचा सामू व उष्णतामान पेटीतील पाण्याच्या जवळ असावे. उपर्युक्त तीन मासे याच क्रमाने बचावले. मात्र पेटी जुनाट असून तिचा सामू फार उतरलेला असेल, तर चतुर्थांशही अधिक होते. रोज एक दशांशाहून कमी पाणी बदलून अनेक दिवसांत सामू हळूहळू वर आणावा.

नळाचे पाणी २४ तास उघड्या बादलीत ठेवले म्हणजे त्यातील क्लोरीन बहुतेक निघून जातो. घाई असल्यास सोडियम थायोसल्फेट, ज्यास बाजारात हायपो म्हणतात, त्याचे औषध प्रमाणात घालावे. गाळणीचा स्पंज पेटीतून काढलेल्या पाण्यातच हलके पिळावा; तो कधीही वाळवू नये. दर आठवड्यास पाचवा हिस्सा पाणी नियमाने बदलावे.

सामू खरोखरच कमी करावयाचा असेल तर आम्ल घालू नये. बायकार्बोनेटच कमी करावे. त्याची रीत मिश्रण ही आहे. एक भाग बोअरचे व एक भाग पावसाचे किंवा आरओचे शुद्ध पाणी घेतले तर क्षार निम्मे होतात. ही रीत स्वच्छ, मोजून करण्याजोगी व टिकाऊ आहे. पहिल्या सरीचे पाणी घेऊ नये. गंजक्या किंवा जस्ताच्या पत्र्यावरून आलेलेही घेऊ नये, कारण धातूंचे क्षार माशांस विष आहेत. आरओ यंत्राच्या बाहेर जाणाऱ्या नळीचे पाणी पेटीत वापरू नये. त्यात तर मूळच्याहून अधिक क्षार असतात. निव्वळ शुद्ध पाणीही एकटे वापरू नये. त्याचा परिणाम आपण वर पाहिलाच.

मत्स्यपालक पाण्यात देशी बदामाची वाळकी पाने किंवा लाकडाचा ओंडका ठेवतात. त्यांतील टॅनिनने पाणी तांबूस व किंचित आम्ल होते. मृदू पाण्यात हा उपाय उपयोगी आहे. नगरच्या दुष्फेन पाण्यात त्याचा परिणाम अल्पच. निर्गमाच्या पुस्तकातील मारा येथील कडू पाणी झाडाने गोड झाले, ती ईश्वरी कृपा होती. आपणांस मात्र मापून-तोलूनच काम केले पाहिजे.

नवा मासा आणल्यावर पिशवी पंधरा-वीस मिनिटे पेटीच्या पाण्यावर तरंगत ठेवावी, मग दर पाच-दहा मिनिटांनी थोडे थोडे पाणी पिशवीत घालावे. मुंबई-पुण्याहून दीर्घ प्रवास करून आलेल्या पिशवीत मात्र अमोनिया साचलेला असतो. ती उघडताच कोंडलेला कार्बन डायऑक्साइड निघून सामू चढतो व तो अमोनिया जागा होतो. अशा वेळी उष्णतामान सारखे होताच पिशवी उघडावी आणि मासा जाळीने उचलून पेटीत सोडावा. पिशवीतील पाणी फेकून द्यावे.

सर्वांत उत्तम उपाय अखेरीस सांगतो. पाणी माशासाठी बदलण्यापेक्षा मासा पाण्याप्रमाणे निवडावा. गप्पी, मॉली, प्लॅटी, स्वोर्डटेल व सोनमासा हे आपल्या दुष्फेन पाण्यात आनंदाने राहतात. सोनमासा मोठा होतो व पुष्कळ घाण करतो, म्हणून त्याला मोठी पेटी हवी. काचेचा गोल वाडगा हे त्याचे घर नव्हे, तो त्याचा तुरुंग होय.

उपसंहार

विद्यार्थ्यांनो, उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात समुद्रातील माशांवर मनुष्याला सत्ता दिल्याचे आपण वाचतो. त्या सत्तेचा अर्थ मौज असा केल्यास आपण चुकतो. तिचा अर्थ जबाबदारी असा आहे. नदीतला मासा पाणी बिघडल्यास दुसरीकडे पोहून जातो. पेटीतील माशाला जाण्यास दुसरी जागा नाही. चार काचांच्या आत त्याचे सर्व जग आपल्या हाती असते. त्याला बोलता येत नाही, म्हणून त्याच्या वतीने आपणच मोजले पाहिजे, लिहिले पाहिजे व विचार केला पाहिजे. दयेला ज्ञानाची जोड नसेल तर ती कधी कधी निष्काळजीपणापेक्षाही महाग पडते. आणि ज्ञानाला दयेची जोड नसेल तर ते पेटीजवळ फिरकतही नाही.

यंदा ज्यांच्या घरी पेटी असेल त्यांनी एक लहान वही करावी. तारीख, सामू, अमोनिया, उष्णतामान, किती पाणी बदलले व माशांची वागणूक, एवढे सहा रकाने पुरेत. आठवड्यातून एकदाच लिहावे. वर्षाअखेर या वह्या एकत्र करून जिल्ह्याच्या निरनिराळ्या गावांतील पाण्याची तुलना करता येईल, आणि अकोल्याचे पाणी व पाथर्डीचे पाणी यांतील अंतर पुस्तकातून नव्हे तर स्वतःच्या हाताने मोजल्याचे समाधान तुम्हांस लाभेल.